प्रेम असेल तर लिहायचं कशाला? – संगमेश्वर, निकाहनामा आणि गझालीची आठ देणी

ज्यांना कानाला हेडफोन लावायला वेळ मिळत नाही, पण एसटीत किंवा लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचायला मिळतो, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो होतो ते तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

संगमेश्वर म्हटलं की आपल्या डोक्यात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे १६८९. छत्रपती संभाजी महाराज इथेच मुघलांच्या हाती सापडले. दुसरी, कसब्यातलं कर्णेश्वराचं मंदिर, ज्याचं दगडी कोरीवकाम बघून मान दुखायला लागते. या दोन्हींवर भरपूर बोललं जातं, आणि बोललं जायलाच हवं. पण आज याच तालुक्याच्या एका तिसऱ्या इतिहासाकडे जायचंय. तो घरातला इतिहास आहे. दोन माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, एकमेकांची कदर कशी ठेवायची, याबद्दल इस्लामी विद्वानांनी नऊशे-हजार वर्षांपूर्वी काय लिहून ठेवलं आणि त्याचा शास्त्री नदीच्या काठावरच्या घरांशी काय संबंध, हा आजचा विषय.

निमित्त काय झालं

महिन्याभरापूर्वी एका श्रोतीचा मेसेज आला. मुलगी खाडीकाठच्या एका गावातली, कोकणी मुस्लिम घरातली. नाव-गाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. शिकलीय, चिपळूणला नोकरी करते. लग्न ठरलंय, मुलगा आखातात असतो. तिची इच्छा एवढीच, की निकाहनाम्यात दोन ओळी लिहाव्यात. लग्नानंतर ती नोकरी सोडणार नाही, ही एक. आणि नवरा तिकडे असताना घरखर्चाची रक्कम थेट तिच्या खात्यावर येईल, ही दुसरी.

मुलाची हरकत नव्हती. हरकत होती तिच्या मामूंची. ते म्हणाले, "शर्तीच लावायच्या असतील तर दुकान टाक, लग्न कशाला करतेस? जिथे मोहब्बत आहे तिथे कागद लागत नाही."

तिने मला विचारलं, "मामू म्हणतात तसंच आहे का? लिहून घेणं म्हणजे विश्वास नसणं का? आपल्या जुन्या लोकांनी काय केलंय?"

मी काही मौलवी नाही, वकीलही नाही. पण "जुन्या लोकांनी काय केलंय" हा इतिहासाचा प्रश्न आहे. म्हणून जरा खोलात गेलो.

समुद्रावरून आलेली पद्धत

आधी एक छोटी गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. इस्लामी कायद्याची समज सगळीकडे एकसारखी नाही. सुन्नी मुसलमानांत चार मोठ्या परंपरा आहेत : हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. उत्तर भारतात आणि दख्खनमध्ये बहुतेक जण हनफी. कोकणी मुसलमान मात्र शाफई. का? कारण इथे इस्लाम मुख्यतः समुद्रावरून आला. अरबस्तान, येमेनकडचे व्यापारी आणि खलाशी गलबतांवरून आले, इथे राहिले, इथल्या घरांशी त्यांच्या सोयरिकी झाल्या. त्यांनी आपली शाफई पद्धत बरोबर आणली. म्हणूनच कोकण, भटकळ, केरळचा मलबार आणि पार तिकडे मलेशिया-इंडोनेशिया, या सगळ्या किनाऱ्यांवर शाफई परंपरा दिसते. नकाशावर बोट फिरवा, समुद्राचा रस्ताच उमटतो.

संगमेश्वर समुद्रापासून आत आहे. पण इथून शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते आणि नदी गाळाने भरण्याआधी व्यापारी होड्या आतपर्यंत येत. कसबा, फुणगूस, डिंगणी या बाजूला आजही जुनी मुस्लिम वस्ती आहे. काझी, खतीब, मुकादम ही आडनावं ऐका. ही एकेकाळची कामं होती. काझीचं एक काम निकाह लावून त्याची नोंद ठेवण्याचं. म्हणजे लग्नाचा कागद ही गोष्ट कोकणात परवापरवा आलेली नाही. ती काम म्हणून चालत आली, इतकी की तिचं आडनाव झालं.

आणि या किनाऱ्याने मोठे विद्वानही दिले. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे शाफई परंपरेतले. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं. मुंबईत त्यांचा दर्गा सगळ्यांना माहीत असतो, त्यांचा ग्रंथ फार थोड्यांना. त्यांच्याबद्दल लोक जी गोष्ट सांगतात ती मात्र विद्वत्तेची नाहीच. आईने रात्री पाणी मागितलं, हे पाणी घेऊन आले तोवर ती झोपली होती, तर झोपमोड नको म्हणून पहाटेपर्यंत पेला हातात धरून उभे राहिले. ही आख्यायिका आहे. पण एवढ्या मोठ्या पंडिताची लोकांनी कोणती गोष्ट जपली, ते बघा. माया होतीच, पण मायेबरोबर अदबही होती.

दोन शब्द : मवद्दत आणि रहमत

कुराणात नवरा-बायकोच्या नात्याबद्दल दोन शब्द एकत्र येतात : मवद्दत आणि रहमत. मवद्दत म्हणजे जिव्हाळा, ओढ, आणि ती कृतीतून दिसणारी. रहमत म्हणजे दया, करुणा. 'रहम' हा शब्द मराठीतही आहे, आणि अरबीत त्याच धातूपासून गर्भाशयाचा शब्द बनतो. म्हणजे ही दया वरून टाकलेल्या भिकेसारखी नाही, सांभाळून घेणारी, पोटात घेणारी आहे.

दोन शब्द का लागले? जुन्या भाष्यकारांत काहींनी यावर छान उत्तर दिलंय. तरुणपणी मवद्दत पुढे असते, वय झालं की रहमत. ओढ कमी-जास्त होते, भरती-ओहोटीसारखी. ओहोटीच्या वेळी नातं तरतं ते एकमेकांना सांभाळून घेण्यावर.

आता प्रश्न असा, की हे सांभाळून घेणं दिसतं कशात? इथे मला एका माणसाची ओळख करून द्यायचीय.

गझालीची आठ देणी

अबू हामिद अल-गझाली. जन्म १०५८, इराणमधल्या तूसचा. तिशीतच बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक. त्या काळातली याहून मोठी नोकरी शोधून सापडली नसती. १०९५ मध्ये सगळं सोडून निघून गेला. मन सैरभैर झालं होतं, शिकवायला तोंड उघडलं तरी शब्द फुटेना, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आज आपण त्याला काय म्हणू, ते तुम्हाला कळलं असेल. त्यानंतरच्या वर्षांत त्याने 'इह्या उलूम अद-दीन' हा ग्रंथ लिहिला. चाळीस भाग. त्यातला बारावा भाग लग्नाच्या रीतीवर आणि पंधरावा मैत्री-सोबतीवर. गझालीही शाफईच. त्यामुळे कोकणातल्या मदरशांत त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं जातं.

मैत्रीच्या प्रकरणात तो सुरुवातीलाच एक तुलना करतो. निकाह हा जसा दोघांमधला करार आहे आणि त्यातून काही देणी निर्माण होतात, तशीच मैत्रीही करारासारखी आहे आणि तिचीही देणी आहेत. मग तो आठ देणी मोजून दाखवतो. मी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिलं देणं पैशाचं. त्याच्या तीन पायऱ्या. सगळ्यात खालची : आपलं भागवून उरलं त्यातून देणं, तेही मागायच्या आधी. मधली : त्याला आपल्याइतकंच समजून अर्धं वाटून घेणं. वरची : त्याची गरज आपल्या आधी.

दुसरं देणं अंगमेहनतीचं. मदत करायची, पण तोंड वाकडं न करता.

तिसरं गप्प राहण्याचं. मंडळी, हे तुमच्या फोनसाठीच लिहिलंय असं वाटेल. त्याचं गुपित बाहेर सांगायचं नाही, अगदी भांडण होऊन नातं तुटलं तरी नाही. त्याचे दोष उकरायचे नाहीत. आणि तो रस्त्यात दिसला तर 'कुठे निघालास?' असं खोदून विचारायचं नाही. कारण काय, तर कदाचित त्याला सांगायचं नसेल आणि तुमच्या प्रश्नामुळे त्याला खोटं बोलावं लागेल. 'लाइव्ह लोकेशन टाक', 'पासवर्ड दे', 'लास्ट सीन का लपवलंस' या सगळ्याला अकराव्या-बाराव्या शतकातल्या माणसाने दिलेलं हे उत्तर आहे. दुसऱ्याला खोटं बोलायची वेळ आणू नका.

चौथं बोलण्याचं. प्रेम वाटतं तर तोंडाने सांगा. त्याला आवडणाऱ्या नावाने हाक मारा. त्याच्या पाठीमागे कोणी वाईट बोललं तर त्याची बाजू घ्या.

पाचवं माफीचं, सहावं त्याच्यासाठी दुवा मागण्याचं, सातवं निष्ठेचं. ही निष्ठा माणूस गेल्यावरही संपत नाही, ती त्याच्या मुलाबाळांपर्यंत, जिवलगांपर्यंत जाते. इथे प्रेषित मुहम्मदांचं उदाहरण हदीसमध्ये आहेच. पहिली पत्नी खदीजा वारल्यानंतर कितीतरी वर्षं ते घरी बकरं कापलं की तिच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवत. आणि ही खदीजा कोण? स्वतःचा व्यापार चालवणारी, मुहम्मदांना आधी कामावर ठेवणारी आणि मग स्वतःहून लग्नाचा निरोप धाडणारी बाई.

आठवं देणं मला सगळ्यात आवडतं : तकल्लुफ सोडणं. आपल्यामुळे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये. आपल्यासमोर त्याला एकटा असल्याइतकं मोकळं वाटावं.

आता खरं तेही सांगायला हवं. गझाली लग्नाच्या प्रकरणात सगळीकडे इतका मोकळा नाही. नवऱ्याने बायकोचं टाकून बोलणंही सोसावं, नुसतं त्रास न देणं म्हणजे चांगुलपणा नव्हे, त्रास सहन करणं म्हणजे चांगुलपणा, असं तो सांगतो. पण त्याच प्रकरणात बायकोने आज्ञेत राहावं, घराबाहेर फार जाऊ नये, असंही सांगतो. तो त्याच्या काळाचा पुरुष होता. म्हणून मी मित्रांची आठ देणी आधी सांगितली. त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. त्यानेच निकाह आणि मैत्रीची तुलना केलीय, तर मैत्रीच्या देण्यांनी निकाहाकडे बघायला काय हरकत आहे?

कागद आणि माया

आता मामूंच्या मुद्द्याकडे. मोहब्बत आहे तिथे कागद लागत नाही, हे जुन्या लोकांना मान्य होतं का?

मुळात निकाह हाच करार आहे. दोन्हीकडची संमती, साक्षीदार आणि मेहेर. मेहेर बायकोची, तिच्या बापाची नव्हे. ती रक्कम ठरते, लिहिली जाते, तेव्हा कोणी म्हणत नाही की विश्वास नाही का. हदीसमध्येही असा आशय आहे, की पाळायच्या शर्तींमध्ये सगळ्यात आधी पाळायच्या त्या लग्नात घातलेल्या.

दुसरं उदाहरण थेट खलिफाचं. अब्बासी खलिफा अल-मन्सूर, ज्याने बगदाद वसवलं. तो गादीवर येण्याआधीच त्याचं लग्न अरवा नावाच्या स्त्रीशी झालं होतं. तिने लग्नातच लिहून घेतलं होतं, की ती असेपर्यंत दुसरी बायको नाही आणि दासीही ठेवायची नाही. पुढे तो एवढ्या साम्राज्याचा मालक झाला. शर्त मोडायची वाट शोधत त्याने काझींकडे खेटे घातले, असं जुनी साधनं सांगतात. पण अरवा जिवंत असेपर्यंत शर्त टिकली. ट्युनिशियातल्या कैरवान शहराच्या नावाने अशा करारांची रीत पुढे कित्येक शतकं चालली.

तुम्ही म्हणाल, हे खलिफाचं झालं, आपल्याकडचं सांग. तर याच पश्चिम किनाऱ्यावर, कोकणाच्या वर, सुरत. मुघलांचं मोठं बंदर. तिथले सतराव्या शतकातले फारसी कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. अलीगढच्या इतिहासकार शिरीन मूसवी यांनी ते वाचले. त्यात निकाहनामे आहेत आणि त्यांत पुन्हा पुन्हा चार शर्ती येतात. नवरा दुसरं लग्न करणार नाही. मारहाण करणार नाही. खर्चाची सोय न करता ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ घरापासून दूर राहणार नाही. दासी ठेवणार नाही. शर्त मोडली तर बायकोला सुटायची वाट मोकळी.

तिसरी शर्त पुन्हा वाचा. बंदराचं गाव आहे. नवरे गलबतावर जातात, मोख्याला, बसऱ्याला. कधी येतील सांगता येत नाही. कोकणाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर : आधी गलबतांवर, मग मुंबईच्या गोदीत आणि आगबोटींवर, मग आफ्रिकेत, मग सत्तरच्या दशकापासून आखातात. लग्न झालं, सुट्टी संपली, नवरा गेला. मग मनीऑर्डर, पत्र, पुढे आवाज भरलेल्या कॅसेट. बायकोला वाचता येत नसेल तर तिचं पत्र गावातलं दुसरंच कोणी वाचून दाखवी. नवऱ्याने मनातलं लिहायचं कसं आणि तिने उत्तरात सांगायचं काय? त्या सुरतेच्या बायकांनी जे मागितलं, ते आणि चिपळूणला नोकरी करणाऱ्या या मुलीने मागितलेलं, यात फरक फक्त बँक खात्याचा आहे.

शाफई परंपरा अशा शर्तींबाबत जरा कडक आहे, हेही सांगतो. हंबली मत सगळ्यात मोकळं : शर्त घातली की पाळायची. शाफई मतात 'दुसरी करणार नाही' असं नुसतं लिहिल्याने नवरा बांधला जात नाही. पण तिथेही वाट आहे. 'अमुक घडलं तर तलाक लागू होईल' असं आधीच ठरवायचं. त्याला तअलीक म्हणतात. इंडोनेशिया आणि मलेशिया हे आपल्यासारखेच शाफई किनारे. तिथे निकाहाच्या वेळी नवरा तअलीकचं वचन देतो ही नेहमीची रीत आहे. इंडोनेशियात ते निकाहाच्या सरकारी पुस्तिकेतच छापलेलं असतं. दोन वर्षं सोडून गेला, तीन महिने खर्च दिला नाही, हात उगारला, तर बायको दाद मागू शकते. वऱ्हाडी मंडळींसमोर नवरा हे वाचतो आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही.

जिथे कागद नव्हता तिथे काय झालं

हा भाग गोड करून संपवता येईल, पण मग तो इतिहास राहणार नाही. संगमेश्वरच्या शेजारचा तालुका चिपळूण. तिथल्या मिरजोळीत १९३२ साली हमीद दलवाई जन्मले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. एका दमात तीन तलाक आणि बहुपत्नित्व बंद करा, ही मागणी. फक्त सात जणी होत्या. त्या सात जणी रस्त्यावर आल्या, कारण मवद्दत आणि रहमत हे शब्द पुस्तकात राहिले होते आणि घरात एका शब्दावर संसार मोडत होते. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाईंनी उत्तर धर्मग्रंथात शोधलं नाही, त्यांना सगळ्यांसाठी एकच नागरी कायदा हवा होता. त्यांच्याशी वाद घालणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्या बायकांचं दुःख खरं होतं, याबद्दल वाद नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला.

त्याआधी १९३९ चा कायदाही होता, मुस्लिम स्त्रीला न्यायालयातून घटस्फोट मागता यावा म्हणून. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल किंवा दोन वर्षं खर्च देत नसेल, तर तिला सुटका मिळू शकते. गंमत म्हणजे हा रस्ता उलेमांच्याच चर्चेतून निघाला. हनफी मतात बेपत्ता नवऱ्याची वाट जवळजवळ जन्मभर बघावी लागे. तेव्हा अशरफ अली थानवींसारख्या विद्वानांनी मालिकी मतातली चार वर्षांची मुदत उचलली. परंपरा जिवंत असते ती अशी. एका घरात दार नसेल तर शेजारच्या घरातून वाट काढते.

मग मामूंना काय सांगायचं?

मी त्या मुलीला जे कळवलं ते इथेही सांगतो. मामू पूर्ण चुकलेले नाहीत. गझालीच्या आठपैकी बहुतेक देणी कागदावर लिहिताच येणार नाहीत. टाकून बोलायचं नाही, पाठीमागे बाजू घ्यायची, झोपलेल्याची झोपमोड करायची नाही, याच्या शर्ती कोणता काझी लिहिणार? ते मनातूनच यायला हवं. मामूंना मोहब्बत म्हणायचं असेल ते हेच.

पण पैसा आणि दूर राहणं, या दोन गोष्टींवर माया सगळ्यात आधी झिजते, हे समुद्राकाठच्या लोकांना फार आधी कळलं होतं. म्हणून त्यांनी तेवढ्या लिहून टाकल्या. आज दोघं खूश आहेत तेव्हाच लिहायचं, म्हणजे उद्या रागात ठरवायची वेळ येत नाही. खरं तर गझालीचं पहिलं देणंही तेच सांगतं : तिला मागायला लावू नका. खर्च थेट तिच्या खात्यावर आला, तर दर महिन्याला तिला सासऱ्यांसमोर हात पसरावा लागत नाही. यात अविश्वास कुठे आला? ही तिची कदर आहे.

आणि हो, वाजवी आणि कायद्याच्या चौकटीतल्या अशा शर्ती आपल्याकडच्या न्यायालयांनीही मान्य केलेल्या आहेत. मात्र शब्दरचना नीट हवी. त्यासाठी पॉडकास्टवाल्याला विचारू नका, निकाह लावणारे काझी आणि एखादा जाणता वकील, दोघांना विचारा.

तुम्ही मुसलमान असा, नसा, लग्न जवळ आलेलं असो किंवा पाच वर्षांनी असो, एक काम करा. आठ देण्यांतली दोन-तीन कोणाशी तरी बोलून बघा. जोडीदार असेल तर जोडीदाराशी, नसेल तर जिवलग मित्राशी. पैशाचं आपण काय ठरवलंय? फोनचं काय? दूर गेलो तर काय? बोलताना अवघडल्यासारखं झालं तर समजा, बरोबर जागी हात पडलाय.

आणि संगमेश्वर, देवरूख, राजापूर, दापोलीकडच्या मंडळींना एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत आजी-आजोबांचा निकाहनामा असेल, आखातातून आलेली पत्रं असतील, कॅसेट असतील, तर पावसाळ्याची ओल लागायच्या आत त्यांचे फोटो काढून ठेवा. कॅसेट एखाद्या जाणकाराकडून उतरवून घ्या. कोणाला पाठवायची गरज नाही, घरातच जपा. राजे-रजवाड्यांचे कागद जपायला दफ्तरखाने आहेत. या कागदांना मात्र तुमच्याशिवाय कोणी नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि ज्यांची घ्यायला हवी त्यांचीही घ्या.